दुपारचं गरम पाणी

"आवाज नेमका कधी येतो?" स्टुलावर चढलेल्या निकेशनं विचारलं. रोह्यापासून पेणपर्यंतच्या कितीतरी न्हाण्यांतले गीझर त्यानं खोलले होते. कुठल्या घरात कोण किती खोटं बोलतं, हेही त्याला साधारण ठाऊक होतं.

"गरम पाणी काढून नळ बंद केला का दोन मिनटांनी," ऋतुजा म्हणाली. "आत कोणी खडी उकळत ठेवल्यासारखा. पार ओटीवर ऐकू येतो."

दारात तिची सासू जनी उभी होती. "मला काय इचारू नको. मी बारा महिने थंड पाण्यानी न्हाते." हे तिनं कासूच्या स्टेशनापासून मिठागरापर्यंत इतक्या जणांना ऐकवलं होतं, की आता माघार घेणं अवघड होतं.

निकेशनं वीज बंद केली, टाकी रिकामी केली, कॉइल बाहेर ओढली. कॉइल कसली, पांढऱ्या पुटांनी फुगलेलं मक्याचं कणीस. जनीनं नखानं खरवडून जिभेला लावलं.

"मीठ नाय हा."

"क्षार आहे काकी, बोरिंगच्या पाण्यातला. गार पाणी आत आलं, कॉइल तापली, की या थरात अडकलेलं पाणी उकळतं आणि तडतडतं." त्यानं कॉइल हातावर तोलली. "पण वहिनी, सकाळच्या दोन आंघोळींनी एवढं साचत नाय. दुपारी कोण वापरतं?"

"मांजर," जनी म्हणाली.

कोणी हसलं नाही. गेल्या मोसमात मिठागरावर जनीचे पाय सुजले, तेव्हा तिच्या लेकानं, प्रणितनं, बजावलं होतं: पुन्हा पायांचं काही दिसलं तर मिठागर बंद, मुकादमाला मीच सांगीन. मिठागराची जमीन तुडवून घट्ट करण्याचं काम सुरू व्हायला पंधरा दिवस उरले होते. चाळीस वर्षं ती तुडवणारे पाय रोज तीन वाजता, लेक डोलवीला कंपनीत असताना, गरम पाण्याच्या बादलीत जाऊन बसायचे. आणि वर गीझर दवंडी पिटायचा.

"मी वापरते," ऋतुजा म्हणाली. "आणि सोमवारपासून ह्यांची नाइट शिफ्ट लागते. दिवसा घरीच झोपतील. त्याच्या आत आवाज बंद झाला पायजे, म्हणून तर बोलावलाय तुम्हाला."

निकेशनं एकदा सुनेकडे, एकदा सासूच्या पायांकडे पाहिलं आणि कॉइल खरवडायला घेतली.

गीझर पुन्हा चढला. पाणी तापल्यावर ऋतुजानं बादली भरली, नळ बंद केला. तिघंही कान देऊन उभी राहिली. दोन मिनिटं. पाच मिनिटं. टाकीनं हूं की चूं केलं नाही.

निकेश गेल्यावर जनीनं बादलीकडे बघतच विचारलं, "कधीपासून ठावं तुला?"

"माझी शिलाई मशीन थांबवली का सगळा ऐकू येतो, आई." ऋतुजानं पाण्यात बोट घालून पाहिलं. "पण यंदाचाच मोसम. पुढल्या वर्षी मीच सांगीन ह्यांना."

जनी पाट ओढून बसली, लुगडं वर घेतलं आणि उजवा पाय सुनेच्या पुढ्यात धरला.