टाकीचं झाकण

परशुरामभाऊंची पन्नास वर्षं जुनी फियाट महिन्याभरात चौथ्यांदा कोलशेतच्या वळणावर बंद पडली. मागून डंपर हॉर्न मारत अंगावर येत होते. "पुन्हा बंद पडली ना बाबा, तर सरळ भंगारात देणार," असं मुलानं, कमलेशनं, कालच बजावलं होतं. म्हणून त्यांनी घरी न कळवता गॅरेजवाल्या मितेशला बोलावलं.

मितेशनं पंप बघितला, कार्बोरेटर उघडला, पाइप फुंकला. सगळं ठीक. मग त्यानं टाकीचं झाकण फिरवलं, तशी टाकीनं सूंऽऽ करत हवा आत ओढली.

"अहो काका, झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते कोणीतरी एम-सील लावून बुजवलंय! हवा आत जात नाही, मग पेट्रोल पुढे येणार कसं? दोन-तीन किलोमीटरवर गाडी गुदमरणारच."

"कोणीतरी म्हणजे कोण रे?"

"आता ते मी काय सांगू? घरातलंच असणार कोणीतरी."

भाऊंनी मागून येणाऱ्या डंपरकडे पाहिलं. भर रस्त्यात आपला जीव गेला तरी चालेल, असं घरात कोणाला वाटतंय?

"थांबा, आतल्या बाजूला खिळ्यानं काहीतरी कोरलंय," म्हणत मितेशनं झाकण त्यांच्या हातात दिलं.

 

 

अक्षर त्यांचं स्वतःचंच होतं: 'परशा, हे काढू नकोस. लांब गेलास की तुला घर सापडत नाही.'