मडमबाईचं पान

कावळे पानाला शिवेनात.

साहेबाच्या बंगल्याच्या कंपाउंडाच्या भिंतीवर कस्तुराबाईनं सकाळीच पळसाचं पान मांडलं होतं. पानावर चिजाची चार बिस्किटं. आज मडमचा दहावा. बोटीनं विलायतेला निघालेली मडम वाटेतच तापानं गेली, तिला समुद्रातच सोडली, अशी तार आली त्याला आज दहावा दिवस. मडमला ना पोर ना बाळ. साहेबाला असलं काही करतात हेच ठाऊक नाही. मग सात वर्षं तिच्या हाताखाली राबलेल्या कस्तुराबाईनंच पदर खोचला. माणसाला जे आवडायचं तेच पानावर वाढायचं, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

बिस्किटं मडमनंच शिकवलेली. चिजाचा डबा पहिल्यांदा फोडला तेव्हा कस्तुराबाई नाकाला पदर लावून दारात जाऊन उभी राहिली होती, आणि मडम पोट धरून हसली होती. मग तिनं हाताला धरून सगळं दाखवलं. चीज बारीक किसायचं, मैद्याला लोणी चोळायचं, चिमूटभर मिरपूड, पाण्याचा थेंब नाही. बाटलीनं लाटायचं, डबीच्या झाकणानं गोल पाडायचे आणि पत्र्याच्या भट्टीत खालीवर निखारे घालून भाजायचे. पहिलं बिस्कीट मडम गरमच तोंडात टाकायची आणि जीभ भाजली की स्वयंपाकघरभर नाचायची. अशी लाखात एक बाई, आणि तिच्याच पानाकडं कावळे ढुंकून बघेनात.

कावळे नव्हते असं नाही. कडुनिंबावर, भिंतीवर, कौलांवर दाटीनं बसले होते. चाळीस तरी असतील. एकही ओरडत नव्हता. आणि कस्तुराबाईच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. सगळ्यांची पाठ पानाकडं होती. तोंडं व्हरांड्याकडं.

व्हरांड्यात आरामखुर्चीवर साहेब पडला होता. गिरणीत विणकामखात्याचा मोठा मास्तर, आवाज असा की मागांच्या खडखडाटातही ऐकू जावा. कावळ्यांचा तर हाडवैरी. छऱ्याची बंदूक कायम खुर्चीला टेकवलेली. सात वर्षांत त्या व्हरांड्यात उतरायची एकाही कावळ्याची छाती झाली नव्हती. पण तार आल्यापासून हा आडदांड माणूस नुसत्या कोऱ्या चहावर होता. अंगात ताप, डोळे खोल गेलेले. डॉक्टरनं बजावलं होतं, पोटात काही गेलं नाही तर हृदय टिकायचं नाही. कस्तुराबाईचा सगळा जीव तिथं अडकला होता. गेलेली गेली, राहिलेला तरी राहायला हवा.

सकाळी तिनं साहेबाच्या बशीतही एक बिस्कीट ठेवलं होतं. "साहेब, येवढं तरी खावा की."

साहेबानं भिंतीकडं बोट केलं. "ते काय?"

"मडमबाईचं पान हाय. कावळा शिवला की समजायचं, बाई जेवल्या. त्यांच्या मनात काय ऱ्हायलं न्हाय."

साहेब हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. पंधरा वर्षांत गिरणीत शिकलेल्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, "पहिलं ती खाणार. मग मी."

झालं! आता साहेबाचा घास त्या काळतोंड्यांच्या चोचीत.

कस्तुराबाईनं हात जोडले. "मडमबाई, तुमच्या गुलाबास्नी मी पानी घालीन." कावळे ढिम्म. "तुमच्या कुत्र्याला जीव लावीन." ढिम्म. मग तिला सुचलं. "साहेबास्नी मी उपाशी ऱ्हाऊ द्यायची न्हाय. बिनघोर ऱ्हावा." तेव्हा भिंतीवरचा एक कावळा हलला. उड्या मारत पानापाशी आला. पान ओलांडून पलीकडं गेला आणि पुन्हा व्हरांड्याकडं तोंड करून बसला.

बाराचा भोंगा झाला. एरवी भोंग्याला सगळं झाड उडायचं. आज एक पंख हलला नाही.

"अवं, माझं काय चुकलं?" तिला रडूच फुटलं. "मिरपूड कमी पडली का?"

तेवढ्यात फाटक वाजलं. तार ऑफिसचा शिपाई चन्नप्पा, मागची तार आणणारा तोच. त्याला बघताच तिनं विचारलं, "आता आनि कोन गेलं रं बाबा?"

"कोन बी न्हाय मावशी! मडम जित्ती हाय तुमची! बोटीवर त्याच नावाची दुसरी बाई हुती, ती गेली. तारबाबूनं वाचून सांगितलं, तसा पळत सुटलो."

कस्तुराबाई हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. अगं बाई! मग कावळे शिवतील कसे? जित्या माणसाच्या पानाला कावळा शिवतो होय? उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्यांना. तिनं चन्नप्पाच्या हातातली तार ओढली, भिंतीवरचं पान एका हातानं भिरकावून दिलं आणि लुगडं सावरत धावत सुटली. इतक्या वर्षांत ती त्या बंगल्यात कधी धावली नव्हती.

"साहेब! मडमबाई हायती! जित्त्या हायती! आता खावा!"

व्हरांड्याच्या पायरीवर ती थबकली.

आरामखुर्चीच्या हातावर एक कावळा बसला होता. साहेबाच्या बशीतलं बिस्कीट तो सावकाश खात होता, आणि मान कलंडलेला साहेब त्याला हाकलत नव्हता.