बारा जुलैची मुशी

"मॅडम, बारा जुलैला तुम्ही कुठल्या होडीतून गेला होतात?"

दर्शनाच्या वर्गातल्या अक्षता आणि आकांक्षा दोघी कपाटाआड गेल्या. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच तर पैज लावली होती, विचारून दाखव, आठवडाभर आमचे डबे तुझे. दर्शना खरंच विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दर्शनालाही नव्हतं वाटलं. पण प्रश्न तोंडातून गेला आणि तिला एकदम मस्त वाटलं.

कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटचा शाळांसाठी खुला दिवस होता. शंभरी ओलांडलेलं डिपार्टमेंट, छताला टेकलेली सागवानी कपाटं, कपाटांत बरण्याच बरण्या. मधल्या टेबलावर मानाची बरणी. तिच्यात मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं, वीतभर पिल्लू, एका धडाला दोन डोकी. खाली लेबल: 'संग्राहक, डॉ. मृणालिनी पेंढरकर. मुंबईचा समुद्र.' आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख, १२ जुलै.

हे पिल्लू दर्शनाने आधी पाहिलं होतं. वरळी कोळीवाड्यातल्या स्वतःच्या घरात, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, पप्पांच्या तळहातावर. त्यांच्या जाळ्यात आलं होतं. आईने ते बर्फात घालून इथे पोचवलं, कारण काही वेगळं मिळालं की आणून देत जा, असं पेंढरकर मॅडमनी तिला सांगून ठेवलं होतं.

मॅडम हसल्या. "मी कशाला होडीत जाईन, बाळा? कोळी लोक आणून देतात. मी ओळखलं म्हणून हे आज इथे आहे. त्यांच्याकडे राहिलं असतं तर कालवणात गेलं असतं."

सगळा हॉल हसला. शाळेच्या बाईसुद्धा हसल्या. अक्षता हसता हसता थांबली आणि तिने दर्शनाचा हात धरला. दर्शनाने तो सोडवून घेतला.

"पण जुलैत दर्या बंद असतो, मॅडम," ती म्हणाली. "होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाण्यात जात नाही. मग बारा जुलैला हे आणलं कोणी?"

आता कोणी हसलं नाही. मॅडमचे एमएस्सीचे विद्यार्थी बॅज लावून भिंतीशी उभे होते. त्यातल्या एकाने फोन काढला, मॅडमचा छापून आलेला शोधनिबंध उघडला आणि शेजारच्याला दाखवला. तिथेही तीच तारीख होती. शेजारच्याने पुढच्याला दाखवलं. फोन या हातातून त्या हातात असा भिंतीभर फिरला, आणि मॅडमना तो फिरताना दिसत होता. दर्शना तिथून हललीच नाही. पुरतं बघून घेतलं तिने.

मग मॅडम तिच्याजवळ आल्या. आवाज अगदी मऊ. "तू मेघनाची मुलगी ना? आईला सांग, ती पांढरी वाम शुक्रवारी वेळेवर आण म्हणावं. बाहेरचे पाहुणे यायचेत."

"सांगते ना," दर्शना गोड हसून म्हणाली.

ती घरी पोचायच्या आत मॅडमचा फोन येऊन गेला होता. आई ओट्याशी उभी राहून बोलत सुटली होती. एवढ्या शिकलेल्या बाईला चारचौघांत असं विचारतात का, आता आपण कुठल्या तोंडाने तिकडे जायचं, शाळेतून काढलं तर काय करशील.

"चांगल्या आहेत गो त्या," शेवटी ती म्हणाली. "मी गेले की बसायला स्टूल देतात. मासळीवालीला कोण देतं?"

ते स्टूल दर्शनाने आज पाहिलं होतं. मागच्या जिन्यात, झाडू आणि बादल्यांच्या शेजारी. ते ती आईला बोलली नाही.

पप्पा दारात जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, लेबलवर नाव कोणाचं आहे. तिने सांगितलं. त्यांनी एक गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"पिल्लू नीट दिसतं का पण बरणीत?" ते म्हणाले.

"दिसतं. दोन्ही डोकी दिसतात."

"मग झालं."

पण झालं नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि दर्शनाला तेवढं पुरे होतं. तिने फ्रीजर उघडला. पापलेटांच्या पिशव्या बाजूला सारून वाम बाहेर काढली. सापासारखी हातभर लांब, दुधासारखी पांढरी, डोळे लाल. परवाच पप्पांना मिळालेली. बाजारात उभा जन्म काढलेल्या म्हाताऱ्या कोळणींनीसुद्धा अशी पाहिली नव्हती. आईने शुक्रवारसाठी ती जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

"ही शुक्रवारी जाणार नाही," दर्शना म्हणाली.

आईने कपाळाला हात लावला. मी शब्द दिलाय, पाहुणे येणारेत, त्यांना काय सांगू, असं सगळं एका दमात म्हणाली. दर्शनाने फडक्याची गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि वाम फ्रीजरच्या तळाशी सरकवली.

"सांग, पोरीने ठेवून घेतली. दहावी झाली की मी सायन्स घेणार, आणि बारावी झाली की त्याच डिपार्टमेंटला जाणार. त्यांच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. तोवर ही इथेच राहील, पापलेट कुठे ठेवायचे ते तुम्ही बघा. हिला बरणीत मी भरणार. मॅडमच्या टेबलावर, मॅडम समोर उभ्या असताना. आणि पप्पा, ही कुठल्या दिवशी मिळाली ते आत्ता सांगा मला, मी लिहून घेते."