प्रज्योतला वगळणाऱ्यांची यादी

कबड्डीतला एकवीस वर्षांचा चढाईपटू प्रज्योत दवाखान्यात पडून होता आणि त्याच्या सुजलेल्या गुडघ्यातली चिप आतली खबर थेट लाखो मोबाइलवर पाठवत होती. फॅन्टसी लीगच्या आपल्या संघात त्याला ठेवायचं की काढायचं, यावर जो तो अक्कल पाजळत होता. दुखतंय का, एवढं एकाने विचारलं असेल तर शपथ!

"महिन्याभरात मैदानात उतरशील, लेका," अण्णा मोबाइलवर बोट फिरवत म्हणाले. गावच्या मातीत त्याला पहिली चढाई त्यांनीच शिकवली होती.

तेवढ्यात प्रज्योतच्या मोबाइलवर, त्याला वगळणाऱ्यांच्या यादीत नवं नाव आलं. अण्णांचं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अण्णा, चढाईत पाठ दाखवायची नाही, हे तुम्हीच शिकवलं होतंत ना?"