सज्ज्याची ओळ

अलाबामातल्या आमच्या गावच्या जुन्या कोर्टाच्या दारात इतिहासाचा फलक लागला. त्यात कोर्टाच्या दालनातल्या वरच्या सज्ज्याबद्दल एक ओळ हवी, म्हणून मिस व्हर्लीन वर्षानुवर्षं समितीशी भांडत होत्या. लहानपणी वडिलांवरचा खटला त्यांनी तिथूनच पाहिला होता.

उद्घाटनाला त्या चर्चला घालायची ठेवणीतली टोपी घालून, नातींना घेऊन आल्या. फलक दोनदा वाचून त्यांनी समितीच्या अध्यक्षाला गाठलं. "हॉलिस, माझी ओळ कुठाय?"

"लिहिली ना, मिस व्हर्लीन! वेगळी पाटी करून वर सज्ज्यातच लावलीय."

"मग चल, पोरींना दाखव."

"तेवढं नाही जमणार. जिना कुजलाय. वर जायला सगळ्यांनाच बंदी आहे."



"वा रे बाळा," मिस व्हर्लीन म्हणाल्या, "तेव्हा आम्हा काळ्यांना खालच्या बाकांवर बसायला बंदी होती."