पाय धुण्याचा रविवार

सरोवराकाठच्या मेनोनाइट चर्चमध्ये आठ घमेली, आठ टॉवेल आणि बिशप धरून सोळा पुरुष होते. दोघादोघांनी एकमेकांचे पाय धुवायचे आणि मगच प्रभूचा पाव घ्यायचा, अशी रीत. दारूपायी वर्षभर पावाला मुकलेल्या ओबुया कोळ्याला मंडळीने मागच्याच रविवारी माफ केलं होतं. आज तो टाचा घासून आला होता.

पण रांग लागली बिशपांपुढे.

"मागेसा, माझ्या जोडीला ये ना," ओबुया शेजाऱ्याला म्हणाला.

"येतो रे. आधी बिशपबाबांचे धुतो."

"त्यांचे पाच जणांनी धुतले की."

"म्हणून काय झालं? नम्रतेत मागे राहून कसं चालेल?"

"बाबांनो, कातडी निघेल आता," बिशप कळवळले. "मलाही कुणाचे तरी धुऊ द्या."

"छे छे, बाबा. तुम्ही नुसते बसा."

शेवटी पाळक पावाचं ताट घेऊन ओबुयापाशी आले.

"जोडी झाली का?"

"कुणी आलंच नाही."

"मग पाव कसा देऊ, भाऊ? पुढच्या खेपेला बघू."

बिशपांचे पाय चौदा वेळा धुतले गेले. बाकीचे तीस पाय कोरडे राहिले. पाव पंधरा जणांनी खाल्ला.