निरभ्र आभाळातली दवंडी

“बाबा, बाजार उचलायला सांगा. दुपारच्या आत नदीला लोंढा येणार!”

बस्सूने फोन कानाला तसाच धरून वर पाहिलं. आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख होतं. गुरुवारचा बाजार नेहमीप्रमाणे नदीच्या कोरड्या पात्रात भरला होता. मेंढ्या, जैतुनाच्या गोण्या, चहाचे तंबू आणि लोटलेली अर्ध्या डोंगरातली माणसं. हिवाळा तोंडावर आलेला, त्यात हा हंगामातला सगळ्यात मोठा बाजार. तो उधळायचा?

“तूदा, इथं ढगाचं पिल्लूसुद्धा नाही.”

“तुमच्याकडे नसेल हो! पाऊस वर अ‍ॅटलस डोंगराच्या माथ्यावर कोसळतोय. मला इथं रबातमधून दिसतोय. सकाळच्या अंदाजात सांगितलंय की!”

सकाळचा अंदाज बस्सूनेही ऐकला होता. ‘देशभर आकाश निरभ्र, तुरळक ठिकाणी वादळी पाऊस.’ चहाच्या तंबूत त्यावर हशा पिकला होता. “हे तुरळक ठिकाण कुठल्या तालुक्यात येतं रे?” असं हम्मू खाटकाने विचारलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने बस्सूच हसला होता. पोरगी शिकली आणि राजधानीतल्या हवामान खात्यात बसून ढग मोजायला लागली, हे त्याला कधी रुचलंच नव्हतं.

बस्सू या बाजाराचा दवंडीवाला. हरवलेलं खेचर, ठरलेलं लग्न, गेलेलं माणूस, सगळं लोकांना त्याच्याच तोंडून कळायचं. बाणा एकच: डोळ्यांनी पाहिलं नाही ते ओरडायचं नाही. त्याच्या शब्दावर सोयरिकी ठरत. आज पाणी आलं नाही, तर तो शब्द मातीमोल होणार होता.

“बाबा, मी तुमच्याशी कधी खोटं बोललेय का?” तूदाने विचारलं.

नव्हती बोलली. बापावरच गेली होती पोर.

बस्सू गोण्यांच्या थप्पीवर चढला. “ऐका हो ऐका! तंबू उचला, जनावरं सोडा, काठावर चढा! नदीला पाणी येतंय!”

“डोकं फिरलं का म्हाताऱ्या?” हम्मूने सुरा आभाळाकडे रोखला. “कुणी पाहिलं पाणी?”

बस्सूने सगळ्या बाजारावर नजर फिरवली.

“मी पाहिलं,” तो म्हणाला. आयुष्यातली पहिली थाप.

मग कुणी काही विचारलं नाही. शिव्या घालत, धक्काबुक्की करत सगळा बाजार काठावर चढला. शेवटची मेंढी वर ओढली न ओढली तोच वळणावरून गडगडाट आला. तांबडं पाणी मुळासकट उपटलेली झाडं घेऊन धावत सुटलं, आणि चहाच्या तंबूंची जागा बघता बघता गडप झाली. वर ऊन तसंच लख्ख. माणसं आ वासून बघत राहिली. मग एका बाईने जीभ थरथरवत आनंदाची किलकारी दिली, आणि सगळा काठ दुमदुमला.

हम्मूने बस्सूला उचलून खांद्यावरच घेतलं. “पण काका, तुम्ही तर सकाळपासून इथंच होता. पाणी पाहिलंत कुठून?”

बस्सूचा ऊर भरून आला. बाजाराच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी त्याने हाळी दिली:

“ऐका हो ऐका! माझे डोळे रबातला नोकरीला आहेत!”